ताट रिकामे परत जाऊ नये

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सातवीच्या चाळीसेक मुलांना घेऊन संकेश्वरच्या पुढे एका शेताच्या कडेला बसमधून उतरलो. ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या टोळीने तिथे पंधरा-वीस कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घातल्या होत्या. आमच्याकडे स्वेटर होते, चादरी होत्या, बिस्किटांचे पुडे होते आणि एक भला मोठा केक होता. शिवाय वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला लाल टोपी आणि कापसाची दाढी लावून आम्ही सांताक्लॉज केले होते. टोळीतले बहुतेक लोक फडात गेलेले होते. मागे राहिलेल्या एका बाईने एवढी मुले आलेली पाहिली, ती लगबगीने कोपीमागे गेली आणि दोन-तीन ऊस आणून, कोयत्याने त्यांची कांडकी पाडून तिने ती मुलांपुढे धरली. मी पुढे झाले आणि म्हणाले, "नको, नको मावशी, आम्ही घ्यायला नाही आलो, द्यायला आलोय." तिने हात मागे घेतला. मग वाटप झाले, फोटो झाले, केक कापला गेला आणि आम्ही अंधार पडायच्या आत बेळगावला परत आलो.

परतीच्या वाटेवर एका मुलाने विचारले, "बाई, ऊस का नाही घेतला?" त्यांचे त्यांनाच पुरत नाही, आपण कसे घ्यायचे, असे काहीतरी मी बोलले. मुलाला ते पटले असावे, कारण तो गप्प बसला. मला मात्र ते उत्तर आजवर पचलेले नाही. उसाच्या फडात बसलेल्या बाईपाशी ऊस सोडून दुसऱ्या कशाची सुबत्ता असणार? तिच्या दारात आलेल्या चाळीस पाहुण्यांना देण्यासारखी तेवढी एकच वस्तू तिच्याकडे होती आणि ती आम्ही नाकारली. त्या दिवशी मुले दान शिकली की दाता म्हणून वर उभे राहायला शिकली, हा प्रश्न आपल्या भागातल्या शाळांनी, चर्चने आणि पालकांनी स्वतःला विचारावा, असे मला वाटते.

हे फक्त आमच्या एका सहलीपुरते असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात शाळाशाळांतून असे कार्यक्रम होतात आणि ख्रिस्ती संस्थांच्या शाळांएवढेच ते इतर शाळांतही होतात. मुलांना घरून तांदूळ, डाळ, कपडे आणायला सांगितले जाते. ते गोळा होते. मग एखाद्या अनाथाश्रमात, वृद्धाश्रमात किंवा वस्तीत जाऊन वाटले जाते, नाहीतर त्या लोकांनाच शाळेच्या व्यासपीठावर बोलावले जाते. मागे फलक असतो, त्यावर संस्थेचे नाव असते, पुढे मान्यवर असतात. हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. मी स्वतः त्या हेतूनेच असे कार्यक्रम केलेले आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की मूल हेतू शिकत नाही, रचना शिकते. कोण उभे आहे, कोण रांगेत आहे, कोणाचे नाव घेतले जाते, कोण आभार मानतो, हे त्याला आमच्या भाषणापेक्षा फार नीट कळते. म्हणून देण्याची जी रचना आपण मुलांपुढे मांडतो ती बदलली पाहिजे. आणि बदलण्यासाठी कुठे दूर जाण्याची गरज नाही, कारण याच गावात नाताळला देण्याची एक जुनी आणि अधिक शहाणी रीत चालत आलेली आहे.

माझे लहानपण बेळगावच्या कॅम्पाला, म्हणजे लष्करी छावणीला, लागून असलेल्या एका गल्लीत गेले. आमच्या भिंतीला भिंत लावून एक कोकणी बोलणारे कॅथलिक कुटुंब राहत असे. पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला नाताळ हा शब्द त्यांचा आणि आमचा एकच होता. त्यांच्या घरी नाताळच्या आठवडाभर आधीपासून तळण सुरू होई. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांचा वास भिंत ओलांडून आमच्या माजघरात येई. नेवरी म्हणजे आमची करंजीच, पण आम्हा मुलांना ती करंजीपेक्षा वेगळी आणि अर्थातच जास्त चांगली लागत असे. नाताळच्या दिवशी सकाळी मिस्सा आटोपून आले की त्या घरातली मुले क्रोशाच्या विणलेल्या रुमालाने झाकलेली ताटे घेऊन निघत आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक ताट पोहोचवत. ते ताट कधी रिकामे परत जात नसे. आई त्यात कधी कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, घाली, कधी मांडे, आणि काहीच नसेल तर मूठभर साखर. पण रिकामे भांडे परत द्यायचे नाही, हा नियम होता आणि तो मोडण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. दिवाळीत हेच उलट दिशेने होई. ताटाच्या काठावर मालकिणीचे नाव घातलेले असे, त्यामुळे ते चुकून दुसरीकडे राहिले तरी आठवड्याभरात आपल्या घरी जाई.

या रीतीत गरजूंना मदत करण्याचा भाग कुठे आला, असे कोणी विचारील. तो त्यात होता, पण दिसत नव्हता, आणि तीच त्या रीतीची हुशारी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एका विणकराचे घर होते. शहापूर, वडगाव, खासबागकडे यंत्रमागावर साड्या विणणाऱ्यांना माल उठला नाही की हप्तेच्या हप्ते पगार मिळत नसे. त्या घरावर अशी वेळ वारंवार येई. त्या घरी जाणारे ताट इतरांसारखेच झाकलेले असे, फक्त ते जरा जड असे. रुमालाखाली नेवऱ्यांच्या जोडीला तांदळाची पिशवी असे, कधी मुलांच्या अंगाचा नवा कपडा असे. हे मला फार उशिरा, मी मोठी झाल्यावर, आईकडून कळले. ताट सगळ्या घरांना जात होते म्हणून ज्याला गरज होती त्याच्याकडे ते गरज म्हणून जात नव्हते, सण म्हणून जात होते. आणि विणकराच्या घरूनही ते रिकामे येत नव्हते. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे तिथे त्या दिवाळीला कढई चढत नाही आणि शेजारपाजारचे, सोयरेधायरे फराळाचे डबे नेऊन देतात, ही आपली रीतही याच जातीची आहे. तिथे कोणी म्हणत नाही की आम्ही तुम्हाला मदत केली. सणात घर उपाशी राहू नये, एवढेच मनात असते.

आता ज्या संताच्या नावाने आपण मुलांना दाढी लावतो त्याची कथा पाहावी. सांताक्लॉज हे नाव डच 'सिंटरक्लास'वरून, म्हणजे संत निकोलस यांच्यावरून आले. निकोलस हे चौथ्या शतकातले, आज तुर्कस्तानात असलेल्या मायरा या गावचे बिशप. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध दंतकथा अशी की एका गरीब झालेल्या माणसाला तीन मुली होत्या आणि हुंड्यावाचून त्यांची लग्ने होत नव्हती. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. पुन्हा एकदा टाकली. आणि तिसऱ्यांदा तो बाप जागा राहून त्यांच्या मागे धावला, तेव्हा ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, असे त्यांनी त्याला बजावले. ही कथा खरी की खोटी हा प्रश्न इथे गैरलागू आहे. ज्या माणसाच्या दंतकथेतही तो रात्री, तोंड लपवून, खिडकीतून देतो, त्याच्या वेषातला मुलगा आम्ही ध्वनिक्षेपकावरून घोषणा करत वस्तीत नेतो, ही विसंगती मुलांना नाही तरी आम्हाला टोचायला हवी होती. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये, हे मत्तयच्या शुभवर्तमानातले वचन तर मिशनच्या शाळेत शिकलेल्या आपल्याकडच्या कित्येक हिंदू माणसांनाही पाठ असते.

आपल्या परंपरेतही याहून वेगळे सांगितलेले नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना दानाविषयी सांगतात त्यात 'ह्रिया देयम्' असे दोन शब्द येतात, म्हणजे लाजून द्यावे. मला हे दोन शब्द अतिशय महत्त्वाचे वाटतात. देण्याघेण्याच्या व्यवहारात कोणीतरी संकोचणार हे उपनिषदाला माहीत आहे आणि तो संकोच देणाऱ्याने आपल्याकडे घ्यावा, असे ते सांगते. आपल्या कार्यक्रमांत तो सगळाच्या सगळा घेणाऱ्याच्या वाट्याला जातो. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या आशेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, हे सर्वांना माहीत असते. पण वृत्तपत्रातला फोटो आणि संस्थेचा गौरव हीही परतफेडच आहे, हे आपण सोयीने विसरतो.

फोटोविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तो केवळ सुसंस्कृतपणाचा नव्हे, कायद्याचाही प्रश्न आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र, म्हणजे ज्यावरून ते ओळखू येईल असे काहीही, वृत्तपत्रातून वा अन्य माध्यमांतून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. अनाथाश्रमातली मुले ही या कायद्याच्या अर्थाने अशीच बालके असतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरणारी केक भरवतानाची छायाचित्रे पाहिली की हे कलम शाळांच्या कार्यालयात कोणी वाचलेच नसावे, असे वाटते. ज्या मुलाचे आईबाप नाहीत त्याने, पुढे मोठे झाल्यावर, आपला तो केकने माखलेला चेहरा कुठेतरी कायमचा पडून आहे, हे का सोसावे?

आणि यादी. गरजू विद्यार्थ्यांची यादी करणे हे काम माझ्याकडे अनेक वर्षे होते. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने सकाळी आपल्या वाटणीचे तांदूळ आणि धुऊन, घडी घालून एक स्वेटर आणून दिला. दुपारी यादीप्रमाणे नावे पुकारताना तिचे नाव आले. वडिलांचे काम सुटल्याचे मला माहीत होते म्हणून मीच ते घातले होते. ती जागेवरून उठली नाही. मी जवळ गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, आमी बी दिलंय की." मला काही बोलता आले नाही. सकाळी ती देणाऱ्यांच्या बाजूला होती आणि दुपारी मी तिला सर्वांसमक्ष पलीकडच्या बाजूला नेऊन बसवले होते. गरिबी ही ओळख नसते, ती बहुधा एक काळ असतो; यादी त्या काळाची ओळख करून टाकते. तांदूळ आणि स्वेटर तिला पाहिजे होते का? असतीलही. पण ते तिच्या घरी झाकून जाऊ शकत होते.

मुलांच्या मनात देण्याची बी पेरावी लागते, अशी आपली समजूत असते आणि म्हणून आपण बक्षिसे, प्रमाणपत्रे, सर्वाधिक धान्य आणणाऱ्या वर्गाला ढाल, असे काय काय करतो. मानसशास्त्रातले दोन प्रयोग या समजुतीला धक्का देतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दोन वर्षांखालच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की खाऊ मिळतानापेक्षा तो एका बाहुल्याला देताना मुलांच्या चेहऱ्यावर अधिक आनंद होता. आणि संशोधकाने पुरवलेल्या खाऊपेक्षा स्वतःच्या वाटीतला खाऊ देताना तो आणखी अधिक होता. दुसरा प्रयोग जर्मनीतल्या लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या वार्नेकेन आणि टोमासेलो यांचा, २००८ सालचा. वीस महिन्यांची मुले कोणी न सांगता मोठ्यांना मदत करत. पण ज्या मुलांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस दिली गेली ती पुढच्या वेळी, बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. दोन्ही प्रयोग लहान आहेत आणि त्यांवर फार मोठी इमारत उभारू नये, हे मी मान्य करते. तरी एवढे म्हणता येईल की मुलाला उदारपणा बाहेरून चिकटवावा लागत नाही, जे आहे ते आपण ढाली देऊन घालवत तर नाही ना, एवढे पाहावे लागते. आणि आईने शेल्फमधून काढून दिलेले दोन किलो तांदूळ हे मुलाचे दान नसते. ते आईचे असते, मूल फक्त हमाल असते. मंदिराच्या पेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेने सर्वांपेक्षा जास्त दिले, असे येशू म्हणतात, कारण इतरांनी उरलेल्यातून दिले होते आणि तिने आपल्या पोटाचे दिले होते.

मुलांकडे आपले असे काही नसतेच, हा युक्तिवाद बेळगावात तरी कोणी करू नये. ३१ डिसेंबरच्या रात्री जाळायच्या ओल्ड मॅनसाठी, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्यासाठी, आमची पोरे आठवडाभर गल्ल्या पालथ्या घालतात, दुकानदारांकडून वर्गणी उकळतात, जुनी पँट, पेंढा, फटाके जमवतात, हिशेब ठेवतात आणि त्यात भांडतातही. एवढे संघटनकौशल्य ज्यांच्याकडे आहे त्यांना द्यायचे कसे ते शिकवायला आपण ध्वनिक्षेपक लावतो, ही थोडी गमतीचीच गोष्ट आहे. त्याच वर्गणीतून खानापूरच्या कुंभाराचा एक मातीचा गल्ला घेऊन त्यात रोज आपल्या खाऊच्या पैशातले दोन रुपये टाकायचे, असे मुलांनीच ठरवले, तर त्यात कोणाचा हात होता हे फोडेपर्यंत कळत नाही आणि फोडल्यावरही कळत नाही.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतील आणि त्यांतला एक तरी खरा आहे. मुलांनी गरिबी पाहिली नाही तर त्यांना कळवळा येणार कसा, हा आक्षेप खरा नाही. या जिल्ह्यात, जिथे कर्नाटकातले सर्वाधिक साखर कारखाने आहेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या आणि त्यांवर बसलेली मुले पाहिल्याशिवाय कोणाचा दिवस जात नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या आईच्या शेजारी बसलेले मूल कोणाला दिसत नाही? कमी आहे ती ओळख. ज्याचे नाव ठाऊक आहे, ज्याच्याबरोबर खेळलो आहोत, ज्याच्याकडून काही घेतले आहे, त्याच्याविषयी वाटते तो कळवळा. नुसते पाहून वाटते ती दया आणि दयेला दुसऱ्या दिवशी विसरता येते.

देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो म्हणून फोटो लागतात, असेही सांगितले जाते. हिशेब अवश्य द्यावा. आकडे द्यावेत, पावत्या लावाव्यात. किती चादरी घेतल्या, किती रुपयांना, कुठून, हे फलकावर लिहावे. चेहरे हा हिशेब नव्हे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावी १९७९ साली मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या) दोन कार्यकर्त्यांनी एक युक्ती काढली. नाताळच्या झाडावर देवदूताचे चित्र असलेली कार्डे टांगायची, प्रत्येक कार्डावर एका मुलाची गरज लिहायची, आणि बाजारात आलेल्या माणसाने एक कार्ड काढून नेऊन ती वस्तू आणून द्यायची. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा दिसत नाही. त्या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे आधी विचारले जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांना पूर आला तेव्हा मदत म्हणून आलेल्या फाटक्या कपड्यांचे ढीग मी छावणीच्या बाहेर चिखलात पडलेले पाहिले आहेत. त्या वेळी बायकांना पाहिजे होते सॅनिटरी पॅड, मुलांना कोरड्या वह्या. विचारले कोणी नव्हते. पण त्या झाडातही एक उणीव आहे. कार्डावरच्या मुलाला काहीच परत देता येत नाही. तो कायमचा कार्डावरच राहतो.

खरा आक्षेप हा की ताटाची रीत शेजाऱ्यांत चालते, अनोळखी माणसांत नाही. ऊसतोडीची टोळी म्हणजे काही गल्लीतले घर नव्हे. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेले ते लोक मार्चमध्ये निघून जातात आणि पुढच्या वर्षी दुसरेच येतात. तिथे काही संघटना, काही वाटप लागणारच. हे मान्य करूनही मी म्हणेन की त्या रीतीतल्या दोन गोष्टी अनोळखी माणसांनाही लागू करता येतात. एक म्हणजे, देणे सर्वांना जावे, म्हणजे कोणी एक गरजू म्हणून वेगळा काढला जाणार नाही. आणि दुसरी, घेणाऱ्याला परत देण्याची वाट मोकळी ठेवावी.

पहिली गोष्ट आपल्या सरकारी शाळांनी केव्हाच करून दाखवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि कर्नाटकात ही योजना अक्षर दासोह या नावाने सुरू झाली. आमच्या मराठी शाळांच्या स्वयंपाकघरांच्या भिंतींवरही हे नाव कन्नडमध्ये रंगवलेले असते. ते जेवण वर्गातल्या प्रत्येकाला मिळते. मागे कोणाचा फलक नसतो, कोणी आभार मानत नाही, आणि ज्याच्या घरी सकाळी चूल पेटलेली नसते ते मूल त्या पंगतीत ओळखू येत नाही. दासोह हा शब्द बाराव्या शतकातल्या शरणांचा, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्याभोवतीच्या संतांचा, बसवण्णांच्या विचारातला आहे. कष्टाने मिळवलेल्यातले समाजाला द्यायचे आणि देताना मी दिले असे म्हणायचे नाही, असा त्याचा रोख आहे. त्याच शरणांमध्ये आयदक्की लक्कम्मांची गोष्ट सांगतात. बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून त्यांचे पती मारय्या रोजचे पोट आणि दासोह चालवीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते जास्तीचे तांदूळ जिथून आणले तिथे टाकून यायला सांगितले. बसवण्णांएवढ्या थोर माणसाच्या अंगणातले असले तरीही. घेणाऱ्या घरातून आलेला हा आवाज मुलांना ऐकवला पाहिजे, कारण आपल्या सगळ्या दानाच्या गोष्टींत बोलतो तो दाता, आणि घेणारा डोळ्यांत पाणी आणून हात जोडतो.

दुसरी गोष्ट, परत देण्याची वाट, आपल्या भागात आणखी एका कारणाने गरजेची झाली आहे. धर्मांतराला आळा घालणारे विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केले ते इथेच, बेळगावच्या सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीत, २३ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी. २०२२ साली त्याचा कायदा झाला; जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय केला. त्यात आमिषाची जी व्याख्या होती तिच्यात भेटवस्तूही येत होती. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याची ही जागा नव्हे. पण त्यानंतर नाताळला वस्तीत चादरी घेऊन जाणाऱ्या ख्रिस्ती तरुणांकडे संशयाने पाहिले जाते आणि काही पालक आपल्या मुलांना अशा कार्यक्रमाला पाठवायला कचरतात, हे मी पाहिले आहे. या संशयाला आमच्या गल्लीने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले होते. नेवऱ्यांचे ताट गेले आणि कुंदा घालून परत आले, त्यात आमिष कोणते आणि कोणासाठी? एकाच बाजूने वाहणाऱ्या दानाविषयी शंका घेता येते. ज्या ताटाची ये-जा असते त्याविषयी घेता येत नाही. त्या ताटांच्या जोरावर आमच्या गल्लीत कोणी कोणाचा धर्म बदलला नाही, एवढे मी नक्की सांगू शकते, वजने मात्र सगळ्यांची वाढली.

तर या डिसेंबरला शाळांनी काय करावे? व्यासपीठ आणि फलक काढून टाकावेत, त्याला पैसेही लागत नाहीत. गरजूंची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी आणि ज्या घरी जायचे आहे तिथे शाळा सुटल्यावर एका शिक्षकाने पिशवी घेऊन जावे, मुले नेऊ नयेत. अनाथाश्रमात नाताळला चार शाळांचे चार केक जातात आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना दप्तराला कोणी विचारत नाही, तेव्हा नाताळला साठवलेला गल्ला जूनमध्ये फोडायला हरकत नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात मजुरी बंद पडते. त्या महिन्यांतली निकड डिसेंबरपेक्षा मोठी असते. पालकांनी आपल्या मुलाला फक्त देणाऱ्याच्या भूमिकेत ठेवू नये. शेजारच्या घरून आलेले ताट त्याच्या हातात द्यावे, ते त्यानेच उघडावे, आणि परत पाठवताना त्यात काय घालायचे ते त्यालाच ठरवू द्यावे.

आणि मुलांना उसाच्या फडावर न्यायचेच असेल, तर संध्याकाळी, टोळी परत आल्यावर न्यावे, थोड्या मुलांना न्यावे, सांताक्लॉज घरी ठेवावा. तिथल्या मुलांबरोबर आधी खेळ होऊ द्यावा. पिशव्या कोपीच्या आत, सर्वांना सारख्या, मुकादमाला न सांगता ठेवाव्यात. कोपीतल्या बाईने ऊस पुढे केला तर तो दोन्ही हातांनी घ्यावा, तिथेच उकिडवे बसून खावा, अजून एक कांडके मागून घ्यावे, आणि चोथा वाटेत न टाकता बैलांपुढे टाकावा.